दहा लाख एक

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. दहा लाख एक. दोन टोकांना एकेक एक आणि मधे पाच शून्यं. माझा जन्म कधीचा, ते विचारू नका. पण मला घर मिळालं ते गणिताच्या एका मास्तरांच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या फळ्यावर. आता मी दमले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

मास्तर तेव्हा तरुण होते. बायको चहा करायची आणि ते मला भागत बसायचे. तीननं भागलं, बाकी दोन. सातनं, बाकी दोन. अकरानं आणि तेरानंही दोनच. "भारी हट्टी दिसते," बायको हसायची. शेवटी सत्त्याण्णवनंही भाग जाईना, तेव्हा मास्तरांनी खडू ठेवला. "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज हिला कोणीच भागू शकत नाही."

तेव्हापासून जो येईल त्याच्यापुढे माझं कौतुक व्हायचं. खरं सांगू, मला त्याचा शीणच आला. न तुटणारी म्हटल्यावर पुन्हा कोणी खडू हातात घेतलाच नाही.

पुढे बायको गेली. मास्तर निवृत्त झाले. माझ्यावर तेलकट धूळ बसली. दोन जिने चढून लेक नेमानं यायची आणि म्हणायची, "बाबा, माझ्याकडे चला." मास्तर फळ्याकडे बोट दाखवायचे. "मी हिच्या जातीचा. मला कोणी लागत नाही." ती भांडी घासून परत जायची.

मग ते जिन्यात पडले. कंबर धरली, पण पीळ काही गेला नाही.

"पुढच्या वेळी मी यायच्या आत तुम्हाला काही झालं तर?" लेकीनं विचारलं.

"हिला भागून दाखव. त्याच दिवशी येतो."

तिनं ओल्या फडक्यानं धूळ पुसली. "तुम्ही कुठे थांबला होतात?"

"शंभराच्या आत. तेवढं पुरतं."

"चार आकडी संख्येला पुरतं, बाबा. ही सात आकडी आहे. हिचं वर्गमूळ हजाराच्या घरात, म्हणजे हजारापर्यंत बघावं लागतं, तुम्हीच शिकवलंत."

मास्तरांनी खडू तिच्यापुढे धरला. शंभरानंतरची पहिलीच मूळ संख्या एकशे एक. लेकीनं भागाकार मांडला. उत्तर आलं नऊ हजार नऊशे एक, आणि बाकी शून्य. त्या शून्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती.

मास्तर खुर्चीत टेकले. "एकच पाऊल राहिलं होतं गं. त्या दिवशी फार दमलो होतो." मग कंबर चोळत म्हणाले, "आताही दमलोय."

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. लेकीनं त्यांची पिशवी भरली.

आता खोली रिकामी आहे. नवे भाडेकरू मला पुसतील, पुसू देत. मित्रांनो, तुमच्याही घरात "मला काही लागत नाही" म्हणणारं कोणीतरी असेल. शंभरदा विचारून झालं म्हणून थांबू नका. आणखी एकदा विचारा.