हेल्परचं मशीन

"दादा, गेम खेळायचेत का व्हिडिओ एडिटिंग करायचंय?" कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरमागच्या ऋषिराजनं विचारलं. विचारलं ते सुयोगला.

"मला न्हाय काय करायचं. हिला पायजे."

"हां, वहिनींना!" ऋषिराज हसला आणि परत सुयोगकडंच वळला. "मग दादा, वहिनींसाठी हे बघा. काचेचं कॅबिनेट, आत सहा पंखे, सातरंगी लाइट. घरात ठेवलं की शोभा वाढती."

त्यानं बटण दाबलं. काचेच्या खोक्यात लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई झाली. दुकानात आलेली दोन कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.

निकितानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. "शोभा नको. मला चरक काढायचाय. उसाचा. बेडपासून बोल्टापर्यंत तीनशे बारा पार्ट. थ्रीडीत. हे सामान आहे का सांगा."

ऋषिराजनं कागद वाचला आणि पुन्हा सुयोगला विचारलं, "दादा, ही यादी कुणी दिली?"

काय करायचं अशा माणसांचं? समोर बाई उभी, कागद बाईनं दिलेला, पैसे बाईच्या भिशीचे. तरी उत्तर मिशीवाल्याकडूनच पाहिजे. बारामतीत कारखाने आले, मोठमोठी कॉलेजं आली, पण काउंटरमागची मान काही वळली नाही.

निकिता आयटीआय झालेली. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. आठ वर्षं बारामती एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या युनिटमध्ये ड्रॉइंग काढत होती. कन्व्हेयर, दुधाच्या टाक्या, पाइपचे सांगाडे, सगळं तिच्या हातचं. पगाराच्या कागदावर मात्र पद लिहिलेलं होतं 'हेल्पर'. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव पडायचं इंजिनिअर साहेबांचं. साहेब दिवसातून दोनदा यायचे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "झालं का? पाठव." एकदा तिनं पद बदलून मागितलं. साहेब म्हणाले, "निकिता, नावात काय असतंय?" मग स्वतःचं नाव टाकल्याशिवाय एक कागद तरी का सोडत नाही, हे तिनं विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. नोकरी होती.

मग वालचंदनगरचे रामहरी तात्या भेटले. उभा जन्म मशीनवर घालवून रिटायर झालेले, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप. आसपासच्या गुऱ्हाळांसाठी त्यांना नवा चरक बनवायचा होता, पण त्यांचं सगळं डिझाइन डोक्यात आणि खडूनं फरशीवर. ते म्हणाले, "पोरी, पंधरा दिवसांत सगळं ड्रॉइंग दे. जमलं तर म्हैन्याचं काम तुलाच. न्हाय जमलं तर पुण्याला देतो, मला थांबता यायचं न्हाय."

कंपनीच्या कॉम्प्युटरवर हे काम करणं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण मग तेही साहेबांच्याच नावावर गेलं असतं.

म्हणून ही यादी. ती कुणी दिली नव्हती. तात्या भेटायच्या आधीपासून, गेले तीन महिने, निकिता कंपनीतला कॉम्प्युटर अडकला की दुसरी खिडकी उघडून बघायची, आत नेमकं काय भरलंय. मेमरी किती, प्रोसेसर किती. वेळ आणि आकडा डायरीच्या मागच्या पानावर. फिटर जसा फीलर गेज घालून फट बघतो, तसं.

"वहिनी, हा प्रोसेसर सहाच कोअरचा आहे," ऋषिराज शेवटी तिच्याशी बोलला. "त्याच पैशात जुना बारा कोअरचा देतो की. डबल!"

"नको."

"डबल आहे वहिनी!"

"ऐका. उसाच्या फडात वीस कोयते लावले तरी गाडीत चढायला फळी एकच असती ना? मोळी डोक्यावर घेऊन एकामागं एकच माणूस चढतो. माझं सॉफ्टवेअर तसलंय. बारा गडी दिले तरी अकरा खाली बसून तंबाखू मळतात. मला फळीवर पळणारा एक गडी पायजे."

कॉलेजच्या पोरांपैकी एक फिस्सकन हसला आणि ऋषिराजचे कान लाल झाले.

"बरं. मग ग्राफिक कार्ड?"

"आत्ता नको. प्रोसेसरच्या आतलंच वापरीन. त्याला मेमरी लागती, म्हणून रॅम सोळा. पण एक पट्टी नको, आठ-आठच्या दोन. जोडीनं पळतात. पुढं कार्ड घालायला बोर्डावर जागा ठेवा."

"पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट आहे."

"तो तुमच्याकडंच ठेवा. आमच्या लासुर्ण्यात एकदम सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की बल्ब लाल होतो. चांगल्यातला द्या, कागदावर लिहिलाय तोच. आणि यूपीएस."

"दादा," ऋषिराज हरल्यासारखा सुयोगकडं वळला, "तुम्ही तरी सांगा. लोक आधी कॅबिनेट बघतात, ह्या पॉवर सप्लायवर पैसे घालवतायत."

सुयोग दुधाचा टँकर चालवायचा. दुकानात आल्यापासून त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर ती रोषणाई त्याला आवडली होती. तो म्हणाला, "मला इचारू नका हो. मला टँकरचा गिअर कळतो. मशीन हिचं हाय, पैसं हिचं हायत, डोस्कं बी हिचंच हाय. तुमी तिकडं बघून बोला."

ऋषिराज सामान काढायला लागला. शेवटी त्यानं विचारलं, "सॉफ्टवेअर क्रॅक करून टाकू? फुकट."

"नको. कुणीतरी राबून केलेलं असतं ते. फुकट आणि सरळ मार्गानं मिळणारंही एक आहे, त्यावरच शिकलेय मी."

जोडून द्यायला दोन दिवस लागतील म्हणाला. निकितानं सगळे डबे सीलबंदच घेतले.

दुपारी लासुर्ण्याच्या घरात सोप्यावर स्वच्छ चादर अंथरली आणि तिनं सगळे पार्ट पाकिटातून काढून ओळीनं मांडले. मॉनिटर कंपनीनं भंगारात काढलेला, पावती करून आणलेला. सासू प्रयागबाई भेंडीची करंडी बाजूला सारून बघत बसल्या.

"एवढ्याशा चकतीला एवढं पैसं?" त्यांनी प्रोसेसरकडं बोट केलं.

"आत्या, तेच तर सगळं करतंय."

"मंग तुज्या साह्यबासारखं न्हाय म्हनायचं."

निकिता हसली आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला शेजारी गेली. परत येऊन जोडायला बसली. प्रोसेसर हलक्या हातानं बसवला, पंखा आवळला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या खाचेत धरून दाबल्या, टक असा आवाज येईपर्यंत. वायरी लावल्या. बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी. आणि आतून टीं, टीं, टीं.

तिनं बंद करून पुन्हा चालू केलं. टीं, टीं, टीं.

सुयोगनं दुकानात फोन लावला. ऋषिराजचा आवाज सगळ्या सोप्याला ऐकू गेला. "दादा, मी म्हणलं होतं आमच्याकडनं जोडून घ्या. बायकांच्या हातात दिलं की असंच होतं. आता सील फुटलंय, वॉरंटीचं काय सांगू शकत नाही."

निकितानं डायरीचं मागचं पान उघडलं. यादी तिची, निवड तिची. बोर्ड आणि प्रोसेसर एकमेकांना चालत नसतील तर? तीन महिने आकडे लिहिले आणि हेच बघायचं राहिलं असेल तर? भिशी पुन्हा दोन वर्षांनी लागणार होती. तात्या पंधरा दिवस म्हणाले होते, त्यातले चार गेलेले. सोमवारी तीच खुर्ची, तेच साहेब. हा विचार आला आणि तिला रडू येण्याऐवजी राग आला. असला राग कामाचा असतो.

"फोन ठेवा," ती म्हणाली. "एकेक काढून बघते."

तिनं रॅमची पहिली पट्टी काढली, उजेडात धरून उलटी केली. खालच्या सोनेरी दातांवर लाल ठिपका. शेजारी पिवळा. दुसऱ्या पट्टीवरही तसंच, नीट, बरोबर मधोमध.

"आत्या?"

प्रयागबाईंनी तोंडाला पदर लावला. "नवं मशीन हाय, म्हनलं हळद-कुंकू लावावं. ट्रॅक्टरला लावलं, मोटारीला लावलं, फवाऱ्याला बी लावलं. तू शेजारी गेलीस तवा. बाकी समदं काळं-हिरवं. तेवढंच सोन्याचं दिसलं. म्हनलं, ह्यातच देव आसंल. लावलं आन् परत जिथल्या तिथं ठिवलं."

"आय, तू बी!" सुयोग ओरडला.

"ओरडू नका त्यांच्यावर." निकितानं त्याला थांबवलं. "त्यांनी शोधलं ते बरोबरच शोधलं. सगळी बोलणी त्या दातांतूनच होतात." मग प्रयागबाईंना म्हणाली, "फक्त ओल्या बोटानं लावलंत."

तिनं मुलाच्या दप्तरातलं खोडरबर घेतलं आणि दातांवरून हलकेच एकाच दिशेनं फिरवायला लागली. गुलाबी चुरा चादरीवर पडत होता. कोरड्या फडक्यानं पुसलं, जिथं पट्ट्या बसतात ती खाचही ब्रशनं झाडली. तासभर पंख्याखाली ठेवलं. प्रयागबाई तेवढा वेळ भेंडी निवडत बसल्या होत्या, पण एकच भेंडी हातात तीनदा घेत होत्या.

ह्या खेपेला आवाज एकदाच झाला. आखूड. स्क्रीनवर अक्षरं उमटली. तिनं मेमरीचा आकडा वाचला. सोळा. पुन्हा वाचला.

"आत्या, या. आता लावा. ह्या पत्र्यावर, बाहेरनं."

"नगं बया. माजा हातच खोटा."

"या म्हणते ना."

प्रयागबाई उठल्या. करंगळीनं, कोरडं, इतकं हलकं लावलं की धड दिसेना.

पुढचे अकरा दिवस निकिता पहाटे चारला उठायची. त्या वेळी व्होल्टेज सरळ असतं. साडेसातला कंपनीची गाडी पकडायची. पहिल्यांदा तीनशे बारा पार्ट एकत्र उघडले तेव्हा ती श्वास रोखून बसली. कंपनीत एवढ्यात चहा होऊन कप विसळून व्हायचा. इथं ती पदर नीट करेपर्यंत चरक समोर उभा होता. तिनं तो माऊसनं फिरवला. तिन्ही रोलर, गिअर, खालचं पात्र. बोट लावलं तर रस गळेल असा.

तात्यांनी ड्रॉइंग घेतलं आणि थेट वर्कशॉपात दिलं. दोन दिवसांनी फोन आला. "वर्कशॉपला ये. जोतीराम अडून बसलाय."

जोतीराम तिथला टर्नर, लेथ चालवणारा. पासष्टीचा, दोरीनं बांधलेला चष्मा. बेअरिंग ज्यात बसतं ते घर त्यानं लेथवर चढवून ठेवलं होतं आणि ड्रॉइंग चुंबकानं पत्र्याला चिकटवलं होतं. कोपऱ्यातल्या निकिताच्या नावावर आधीच तेलाचा अंगठा उठला होता.

"हे तू काढलं?"

"हो."

"गुऱ्हाळाचा चरक हाय, घड्याळ न्हाय. मापाला एवढी बारीक लिमिट कशाला टाकलीस? आमी चाळीस वरीस अंदाजानं करतोय."

निकिता जवळ गेली. "आणि बेअरिंग किती महिने टिकतं?"

"येक हंगाम."

"घरात ढिलं फिरतं म्हणून. आवाज करायला लागतं, मग तुम्ही ठोकून बसवता. हे माप धरा, ठोकायला लागणार नाही. तीन हंगाम जाईल."

"आन् न्हाय गेलं तर?"

"तर खाली नाव माझं आहे, काका. मला बोला."

रामहरी तात्या दारात बिडी पेटवत होते. ते मध्ये पडले नाहीत.

जोतीरामनं तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. मग वळून लेथ चालू केला. बीडाच्या ओतीव लोखंडाचा बारीक काळा भुगा त्याच्या चपलांवर पडायला लागला. थोड्या वेळानं त्यानं मशीन थांबवलं, भोकात गेज घातला आणि डोळे बारीक केले.

"एकोणऐंशी पॉइंट अठ्ठ्याण्णव. किती घेऊ?"

"बरोबर ऐंशी पायजे. पॉइंट झिरो टू," निकिता म्हणाली. "सावकाश."

त्यानं मान हलवली, हँडल दोन बोटांत धरलं आणि शेवटचा हात घ्यायला खाली वाकला.