गाडीचं दावं

गाडी परत द्यायला निघालो त्या सकाळी आमच्या म्हशीनं दूध दिलं न्हाई. दिलं आसतं, पर तिचं सारं ध्यान गाडीकडं. दोघी तीन वर्सं एका गोठ्यात राहिलेल्या. रात्री म्हैस रवंथ करायची आन् गाडी बी जाग्यावर हळूहळू तोंड हलवायची, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुनाला पटत नसंल तर न पटू द्या. गाडी माझ्या गोठ्यात व्हती, तुमच्या न्हाई.

तशी ती माझी बी नव्हती म्हना. दौंडच्या मारुतराव ठेकेदारांची ती. रेल्वेची बांधकामं घ्यायचे, मोठा मानूस. त्यांना कोकनात पुलाचं काम लागलं, तीन वर्सांचं. नवी गाडी ते संगं घेऊन गेले. ही जुनी, काळी, विलायती, दारात उभी करून गंजवायची कशाला, म्हनून आमच्या घरात दिली करारानं. गाडी तुम्ही चालवा, म्हयन्याला ठरलेलं पोचवा आन् मुदत सरली की जशी नेली तशी आनून लावा. कागद न्हाई, शिक्का न्हाई. हातावर हात मारला, झालं. पानशेत फुटायच्या आधीची चार-पाच सालं आसतील ही.

हातावर हात मारनारा आमचा मानूस. लोक त्याला सुभान म्हनायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, आता म्हातारी झाले म्हनून घेते, कोन मारतंय. केडगावच्या टेशनावर त्याचा टांगा व्हता. घोडं म्हातारपनानं गेलं आन् टांगा दारात तोंड खाली घालून बसला. तवा मारुतरावांनी इचारलं, "सुभान, घोड्याला ताब्यात ठेवलंस, हिला ठेवशील का?" आन् ह्यो लगेच व्हय म्हनला. गाडी चालवता येत नव्हती, ते त्यानं मागनं सांगितलं.

पर काय गाडी व्हती म्हनून सांगू. केडगावच्या टेशनावरनं आमच्या राहूला, राहूवरनं परत टेशनाला. उन्हाळ्यात नदी उतरली की पल्याड शिरूरच्या बाजाराला, कवा वऱ्हाड घेऊन पाबळला. मिशनातल्या मडमा बसायच्या, माळ्यांच्या झेंडूच्या पाट्या बसायच्या, अडलेल्या बाया बसायच्या. पाटसच्या अलीकडं मद्रास मेलसंगं शर्यत लागली की मेलचा गार्ड आपली गाडी सोडून आमालाच हिरवा बावटा दाखवायचा. एकदा न्हावऱ्याच्या माळावर पेट्रोल संपलं. चिटपाखरू न्हाई. मागं आमची शेजारीन धुरपदा बसलेली, मांडीवर ताकाची कळशी. ह्यो म्हनला, वत. वतलं. गाडी जी सुटली ती शिरूरच्या वेशीत जाऊन थांबली, आन् झाकन उघडून बघतो तर आत लोन्याचा ह्यो एवढा गोळा.

धुरपदा म्हनाली, "लोनी माझं. ताक माझं व्हतं."

ह्यो म्हनला, "आन् घुसळलं कुनी?"

त्या गोळ्यापायी दोघं सालभर बोलत नव्हती.

आता म्होरं जे सांगनार हाय त्यात ताक न्हाई आन् लोनी बी न्हाई.

कोकनात जाताना मारुतराव एक बोलून गेले व्हते. "सुभान, गाडी बघून माझं मन भरलं, तर मी काय ती पुन्ना दारात उभी करनार न्हाई. तुझ्याकडंच राहील." मोठ्या मानसाचं जाता जाता टाकलेलं बोलनं. ह्यानं ते छातीशी धरून ठेवलं. का धरनार न्हाई? घोडं न्हाई, टांग्याची चाकं कवाच इकलेली. गाडी गेली तर टेशनावर नुसतं उभं राहायचं, लोकांच्या टांग्यांकडं बघत. आन् पोटाचं सोडा, ह्यो सरळ चालायला लागला व्हता हो. टांग्यावर व्हता तवर पाठीत वाकलेला. गाडीत बसला आन् ताठ झाला. पोरंटोरं ड्रायवरसायेब म्हनायची.

हे मनातलं त्यानं मला एकटीला सांगितलं. वर शपथ घातली, "अम्माला बोलू नको."

अम्मा म्हंजी माझी सासू, अमीरबी. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. सकाळी कानात सांगावं आन् दुपारी त्ये नदीपल्याड ऐकू यावं.

"आशा बोलून दाखवली की नजर लागती," ह्यो म्हनला. "गाडी मिळू दे, मग सांगू तिला."

म्हनून अम्माला एवढंच ठावं, की मुदत सरली आन् गाडी चालली.

म्हयनाभर त्यो गाडीमागं लागला व्हता. राकेलानं पुसली. फाटल्या गादीला नवं कापड घातलं. शिरूरच्या बाजारात बैलानं मडगारला पोचा दिलेला, त्यो आतनं लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून असा काढला की बैलाला बी सापडला नसता. जेवताना त्याच्या बोटांना राकेलाचा वास यायचा आन् भाकरीला बी.

निघायच्या दिशी निम्मी आळी गोळा झाली. धुरपदा लोन्याचं भांडान इसरून हळदीकुंकू घेऊन आली, गाडीच्या तोंडाला लावलं, झेंडूची माळ घातली. अम्मानं मीठमिरच्या उतरल्या. ह्यानं गाडी चालू करायचं लोखंडी हॅन्डल म्होरनं आत घातलं, फिरवलं, गाडी पयल्या फेऱ्याला बोलली. हॅन्डल शिटाखाली टाकलं आन् गाडी तशी चालू ठेवून इस्त्रीचा सदरा घालायला आत गेला. मी भाकरी बांधत व्हते. तेवढ्या येळात कोन गाडीजवळ आलं आन् कोन गेलं, मानसांची तर जत्राच भरलेली.

अम्मा नवं लुगडं नेसून मागं जाऊन बसली. "मी बी येनार. लेकीला सासरी घालवायला घरचं मानूस लागतं."

"अम्मा, लेक न्हाई ती," ह्यो म्हनला.

"तुला काय कळतंय. चल."

वाटंत कुनालाच घेतलं न्हाई. वरवंडला गेनबा हमाल हात करून उभा. "सुभानभाई, दौंडला का? बसू का?"

"आज न्हाई गेनबा. आज गाडीलाच सोडायला चाललोय."

गेनबानं डोक्याचं मुंडासं काढलं आन् गाडी नजरंआड होस्तवर हातात धरून उभा राहिला. अम्मा मागं बसून सुपारी कातरत व्हती. लई खुशीत दिसत व्हती, मला नवल वाटलं.

दौंडला मारुतराव वाड्याच्या अंगनात सदरा न घालता नुसत्या बंडीवरच बसले व्हते. कोकनच्या उन्हानं काळे पडलेले. ह्यानं गाडी आत घेतली, बंद केली, खाली उतरून रामराम घातला. ते उठले. गाडीभवती फिरले. दाराला टिचकी मारली. खाली वाकून चाकं बघितली. आत बसले, नव्या गादीवर हात फिरवला. मग ते खाली उतरले.

"सुभान, ही मी दिली त्याच्यापरीस बरी हाय रं."

"तुमचीच माया, मालक."

"अनसाबाई, च्या टाका," त्यांनी आत बायकोला हाळी दिली. "म्हातारीला खुर्ची द्या. सुभान, चालू कर बघू एकदा, कानानं ऐकू दे. मग तुझं माझं बोलू."

ह्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी डोळे खाली घातले. एवढा आनंद दुसऱ्यानं बघू नये.

त्यानं शिटाखाली हात घातला. मग मान घातली. मग मागची गादी उचलली. मग डिकी उघडली. सदऱ्याची पाठ घामानं चिकटली.

"हॅन्डल न्हाई व्हय?" मारुतराव म्हनले. "राहू दे. पडलं आसंल वाटंत, लोखंडाचा तुकडा त्यो. दुसरं करून घेऊ."

"न्हाई मालक, सकाळी म्या सोता—"

"पडलं न्हाई त्ये," अम्मा म्हनाली. बशीतला च्या फुंकत व्हती. "घरी हाय. गोठ्यात खुंटीला लावलंय."

ह्यो तिच्याकडं बघतच राहिला.

"असा काय बघतोस? जनावर दुसऱ्याच्या दावनीला चाललं की दावं आपन ठेवून घेतो का न्हाई? दावं गेलं की घरातली बरकत संगं जाती. म्हशी इकल्या, शेरडं इकली, एकदा तरी दावं दिलंय का म्या? आता गाडीचं दावं कंचं, तूच सांग. ते लावल्याबिगर ती जागची हलत न्हाई. तेच काढून ठेवलं."

मला हसू फुटलं. ह्यो बी हसला, जीव भांड्यात पडला त्याचा. "मालक, म्हातारं मानूस. म्या संध्याकाळच्या आत हॅन्डल घेऊन येतो."

मारुतराव हसले न्हाईत. त्यांनी कप खाली ठेवला. ठेकेदार झाले तरी कुनब्याच्याच पोटचे ते.

"आजी," ते म्हनले, "आन् जनावर माघारी यायचं आसलं तर? राखायला वाट्यानं दिलेलं, नायतर कामापुरतं?"

"तर दावं संगं द्यायचं. त्याबिगर ते घरला येईल कसं?" अम्मानं पटकन सांगितलं. रीतभात इचारली की तिला लई बरं वाटायचं.

"म्हंजी हिला तुम्ही कायमची सोडली."

"व्हय तर. मुदत सरली. तुमचं तुमाला पोचलं, आमी मोकळे."

मारुतरावांनी गाडीवरच्या माळंला हात लावून बघितला. मग ह्याला म्हनले, "सुभान, सकाळपास्नं ही तुलाच द्यायची म्हनून बसलो व्हतो बघ."

"मग द्या की मालक."

"न्हाई देता यायची आता. माझ्या आईनं एकदा असाच इकलेला बैल कीव आली म्हनून माघारी आनला. दावं घरात ठेवलेलं व्हतं, त्याच दाव्यानं पुन्ना बांधला. त्या साली आमच्या घरात..." ते थांबले. "जाऊ दे. दावं ठेवलेलं जनावर त्याच दावनीला म्या बांधनार न्हाई. तुझ्या दारात काय वाईट झालं तर मला झोप लागायची न्हाई."

"मालक, गाडी हाय ही. बैल न्हाई."

"मग तिच्या तोंडाला हळदीकुंकू कुनी लावलं?"

झेंडूची माळ गाडीवर लोंबत व्हती.

अम्मानं बशी खाली ठेवली. एकदा ह्याच्या तोंडाकडं बघितलं, एकदा मारुतरावांच्या. "माघारी यायची व्हती?" तिनं इचारलं. "सुभान, मला कुनी सांगितलं का?"

अनसाबाईनं च्याच्या कपबश्या उचलल्या. मारुतराव आम्हाला फाटकापातूर सोडायला आले. मोठ्या मनाचा मानूस, पर मन मोठं आसलं म्हनून भ्या कमी आसतं व्हय.

दौंडवरनं आगीनगाडीनं केडगावला आलो. डब्यात अम्मा खिडकीकडं तोंड करून बसलेली. लई येळानं ती म्हनाली, "म्हातारी सगळीकडं बोंबलत सुटंल म्हनून न्हाई सांगितलंस ना?"

"न्हाई अम्मा. नजर लागंल म्हनून."

"आईची?"

मी गाठोडं उगंच सोडलं आन् पुन्ना बांधलं.

केडगावला उतरलो तर राहूला जायला काय न्हाई. त्या वाटंवरची गाडी आमीच व्हतो. चालत निघालो. वाटंत एका माळ्याची बैलगाडी भेटली, त्यानं बसवलं. "सुभानभाई, आज तुम्ही आमच्या गाडीत?" त्यानं चेष्टा केली. मग आमची तोंडं बघून त्यानं बैलांशीच बोलायला सुरवात केली.

घरी आल्या आल्या अम्मा गोठ्यात गेली. हॅन्डल खुंटीवरनं काढलं, पदरानं पुसलं आन् ह्याच्या म्होरं धरलं. "उद्या जा घेऊन. सांग, म्हातारीला अक्कल न्हाई. सांग, दावं म्हनून ठेवलंच नव्हतं, चुकून राहिलं. मी खोटी पडते, पडू दे."

"त्यांनी तुझ्या तोंडनं ऐकलंय अम्मा."

"मग सांग ती लबाड हाय. गावात इचारा म्हनावं, समदे सांगतील."

दुसऱ्या दिशी त्यो हॅन्डल घेऊन दौंडला गेला. मारुतरावांनी रातोरात गाडी शिरूरच्या जालिंदरला द्यायची ठरवली व्हती, त्यो अंगनात येऊन उभाच व्हता. कवळं पोरगं, नुकतं शिकलेलं. ह्यानं दिलेलं हॅन्डल घालून फिरवतंय, फिरवतंय, गाडी काय बोलंना. मारुतराव तोंड फिरवून उभे. ह्यो म्हनं जरा येळ बघत राहिला. मग म्होरं झाला आन् पोराच्या हाताचा आंगठा धरून बाजूला केला. "आंगठा वरनं आवळू नको, उलटा दनका बसला तर मनगट जाईल. बोटांनीच वढ. आधी दोनदा सावकास फिरीव, तिला जागी होऊ दे. मग एक झटका."

मी हे त्याच्याच तोंडनं ऐकलं, पर लई वर्सांनी. त्या दिशी त्यो घरी आला. सदरा काढला, हातपाय धुतले, उंबऱ्यावर बसला. अम्मा म्हशीखाली बसलेली.

"झाली का चालू?" तिनं तिकडनंच इचारलं.

"झाली."

"कितव्या फेऱ्याला?"

"तिसऱ्या."

"तुझ्याकडं पयल्याला व्हायची," अम्मा म्हनाली आन् धार काढत राहिली.