अंगठ्याची क्रीम

मित्रांनो, माझे झाकण थोडे अडकते. आधी हलकेच दाबा आणि मग फिरवा. हं, उघडले? मी एक जुनी कोल्ड क्रीमची डबी आहे. काचेची, बुटकी, पोटाशी जाड. लेबल कधीच निघून गेले. कडेचा टवकाही उडाला आहे. तरी मला रडगाणे गायचे नाही. माझ्या वाट्याला आलेले आयुष्य आठवले की देवापुढे हातच जोडावेसे वाटतात. आता मला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी!

माझा जन्म वाळूतला. भट्टीत ती वितळली, साच्यात ओतली गेली आणि मी गरमागरम बाहेर पडले. मग एका कारखान्यात माझ्या पोटात पांढरीशुभ्र क्रीम भरली गेली, वर गुलाबी झाकण बसले आणि मी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात आले. तिथे काउंटरवर एक मुलगी काम करायची. पाठीवर धाकटे भावंड नसूनही घरी तिला ताईच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. थंडीची चाहूल लागली की नव्या आलेल्या वस्तूंतून ताई आपल्या आवडीच्या निवडून ठेवी. त्या वर्षी तिने माझ्यासोबत आणखी तिघींना घरी नेले. एक ओठ फुटू नयेत म्हणून लिप बामची चिमुकली डबी, दुसरी गालांवरची लाली आणि तिसरी गडद डाळिंबी रंगाची लिपस्टिक. आरशाखालच्या फळीवर आमचे बिऱ्हाड लागले. लिपस्टिक भारी तोऱ्यात असे, पण सकाळी पहिला मान माझा.

"आधी क्रीम, मग बाकीचं," ताई म्हणे. "कोरड्या गालावर लाली लावली की भिंतीचे पोपडे दिसतात."

घरात ताई, तिची आई आणि आत्या, अशा तिघीच राहत. मला लावून झाले की ताई आत्यासमोर जाऊन उभी राही. "बघ आत्या, गाल कसे लोण्यासारखे झालेत!"

"गालांचं झालं. आता थोडी जिभेला लाव," आत्या म्हणे.

आई मात्र माझ्याकडे फिरकत नसे. ती एका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. दिवसभर गार पाणी, साबण आणि सोडा. "हे लाड तरण्या पोरींचे. माझ्या हातांना काय धाड भरलीये?" असे म्हणून ती हात पाठीमागे लपवी. एकदा ती आरसा पुसत असताना मी ते हात जवळून पाहिले. बोटांवर उभ्याआडव्या भेगा, काही भेगांत रक्त सुकलेले. खरे सांगते, मला माझ्या गुलाबी झाकणाची लाज वाटली.

धुलाईघराच्या दारात हजेरीचे यंत्र होते. त्यावर अंगठा ठेवायचा. ओळख पटली की ते गोड आवाजात "धन्यवाद" म्हणे. आईला त्याचे फार कौतुक. ती त्याला रोज उत्तर देई, "तुझंही भलं होवो रे बाबा!" घरी येऊन सांगे, "दिवसभरात आपल्याला धन्यवाद म्हणणारं तेवढं एकच आहे."

पण थंडी वाढली आणि यंत्राने आईला ओळखणेच सोडले. अंगठ्याच्या रेषा भेगांमध्ये हरवून गेल्या होत्या. "पुन्हा प्रयत्न करा," यंत्र म्हणे. आई अंगठा पुसे, फुंकर घाली, दाबून धरी. "पुन्हा प्रयत्न करा." मागे रांग खोळंबे. मुकादमबाई मनाच्या चांगल्या, पण त्याही बांधलेल्या. "बाई, तुम्ही मला समोर दिसताय हो. पण यंत्रात दिसत नाही, त्याला मी काय करू? वरचे म्हणतात, महिनाअखेरपर्यंत अंगठा लागला नाही तर दुसरी बाई घ्या."

त्या संध्याकाळी आईने ताटाला हात लावला नाही. "इतकी वर्षं तिथं राबले, आणि मी मीच आहे एवढं दाखवता येईना मला," ती म्हणाली.

आत्या जवळ सरकली. "वहिनी, देवाला नाही लागत अंगठा. तो हाकेवरून ओळखतो."

"देवाचं ठीक आहे हो. पण हजेरी तो घेत नाही ना!" आई म्हणाली, आणि रडता रडता दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी आईने कुणाला न सांगता मला पिशवीत टाकले. यंत्रासमोर उभी राहून तिने माझ्यातली बोटभर क्रीम अंगठ्याला फासली आणि अंगठा टेकवला. तो सर्रकन घसरला. यंत्राची काच पांढरी झाली.

"कृपया बोट स्वच्छ करा," यंत्र म्हणाले.

"काय हो बाई, यंत्राचा मेकअप करताय का?" रांगेतून कुणीतरी विचारले. सगळ्या हसल्या. आईही हसली, पण मला पिशवीत टाकून खाली मान घालून ती पदराने यंत्राची काच पुसू लागली. मित्रांनो, तेव्हा मला वाटले, गालांवर मिरवणारी मी, या माउलीच्या काही कामाची नाही.

घरी ताईने झाकण उघडले तर माझा तळ दिसू लागला होता. आईने घडले ते सांगितले. ताईने कपाळावर हात मारून घेतला. "अगं आई, लावल्या लावल्या काय होणार? मुरायला नको का ती? रोज संध्याकाळी लावायची आणि सकाळी अंगठा कोरडा पुसून जायचं."

"मग तुझ्या तोंडाला काय राहील? दुकानातही ही क्रीम संपलीये म्हणालीस ना? भेगाळलेल्या गालांनी उभी राहशील काउंटरवर?"

"माझे गाल थांबतील. तुझा अंगठा थांबणार नाही."

 

त्या दिवसापासून ताईने मला गालाला लावले नाही. संध्याकाळी आत्या आईचा हात मांडीवर घेई, देवाचे गाणे गुणगुणत माझी क्रीम एकेका भेगेत जिरवी आणि वरून ताईचे सुती मोजे चढवी.

"हातात मोजे? मग पायांत काय टोपी घालू?" आई विचारी.

"घाला, पण गप्प बसा. गाणं चुकतंय माझं."

भेगा हळूहळू मिटू लागल्या. ताईच्या गालांना पोपडे धरले, आणि माझा तळ अगदी चकचकीत झाला. शेवटची क्रीम तिने काडीने खरवडून काढली.

महिना सरत आला तेव्हा आईने मला पुन्हा पिशवीत घेतले. मी रिकामी होते. "नुसती सोबत असू दे," ती म्हणाली. आईने अंगठा कोरडा पुसला आणि ठेवला. यंत्र थांबले. मला वाटले, आता माझी काच तडकणार.

"धन्यवाद."

"अगं बाई! अरे, मीच तुला धन्यवाद!" आई ओरडली. मुकादमबाईंनी टाळी वाजवली आणि आपला हात पुढे केला. "बाई, माझीही बोटं बघा ना. कोणतं औषध हे?"

"औषध कसलं? आमच्या ताईच्या तोंडाची क्रीम आहे!"

तेव्हापासून धुलाईघरात माझे नाव 'अंगठ्याची क्रीम' पडले. नवा साठा आला की ताई मला भरून देई, आणि काम संपल्यावर सगळ्या जणी बोट बुडवून जात. पुढे मोठा डबा आला आणि मी घरी परतले. माझ्यात बटणे पडली, माझ्यावर धूळ बसली. त्याचे मला वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल.

मग एका थंडीत धुलाईघरात नवे यंत्र लागले. ते अंगठा नव्हे, चेहरा पाहते. ताईने बटणे ओतून मला घासूनपुसून भरले आणि आईला आरशासमोर बसवले. आईने जन्मात पहिल्यांदा मला गालाला लावले.

"जास्त नको गं," ती घाबरून म्हणाली. "फार चांगली दिसले तर यंत्र ओळखायचं नाही मला!"

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचे तरी हात असे पाठीमागे लपत असतील. ते पुढे ओढून घ्या, त्यांना मऊ करा. माझ्यासारखी डबी नसली तर साधे तेल चालेल. आणि यंत्राची वाट न पाहता एकदा तोंडाने म्हणा, धन्यवाद. आमच्या आईचे उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.