अप्पांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत

मल्लप्पा टॉवेल्सच्या ऑफिसात कुठलाही कागद आधी अप्पांकडे जाई. अप्पा म्हणजे कारखाना काढणारे मल्लप्पा. ते वारून चार वर्षं झाली होती, पण त्यामुळे पद्धतीत काही फरक पडला नव्हता. शिपाई कुंडलिक कागद अप्पांच्या फोटोसमोर ठेवी, हात जोडून थोडा वेळ उभा राही आणि मग तो कागद अप्पांचे चिरंजीव प्रभुलिंग यांच्याकडे सहीला नेई. फोटोनं आजवर एकही कागद परत पाठवला नव्हता. हयातीत अप्पांची अशी ख्याती नव्हती.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे प्रभुलिंग यांनी कागदांशिवाय चालणारं ऑफिस पाहिलं आणि परत येताच तसलं सॉफ्टवेअर विकत घेतलं. त्यामुळे सगळा स्टाफ एकाच ठिकाणी काम करू शकणार होता. आतापर्यंतही सगळे एकाच खोलीत बसत, ही गोष्ट वेगळी. त्याच्या जोडीला वर्कफ्लो सर्व्हर नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं असं नंतर कळलं. कुठला अर्ज कुणाकडून कुणाकडे जाणार, हे तो ठरवणार होता.

ते बसवायचं काम अभिमन्यूकडे आलं. अभिमन्यू वळसंगचा. शिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, पण ऑफिसात त्याची ओळख ‘प्रिंटर बघणारा’ अशी होती. वर्ष उलटून गेलं तरी तो प्रोबेशनवरच होता, आणि त्याचं लग्न तिथंच अडलं होतं. कुर्डुवाडीची सृष्टी त्याला पसंत होती, तिलाही तो पसंत होता. पण तिचे वडील रेल्वेतले. नोकरी ही एकतर पर्मनंट असते किंवा नसते, असं त्यांचं मत होतं. "पत्र दाखवा, सुपारी फोडू," एवढंच ते म्हणाले होते.

"सर्व्हर सुरू झाला की पहिलं पत्र तुझंच काढतो," प्रभुलिंग यांनी सांगितलं.

अभिमन्यू कामाला लागला. सॉफ्टवेअरनं आधी स्वतःसाठी वेगळं खातं मागितलं. मग डेटाबेस मागितला, मग सर्टिफिकेट, मग त्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणारं दुसरं सर्टिफिकेट. सगळं दिल्यावर, काहीतरी चुकलंय असं सांगून ते गप्प बसलं. काय चुकलं ते सांगायची त्याला सवय नव्हती. अभिमन्यूनं ते काढलं, परत बसवलं, परत काढलं. शेवटी एकदाची हिरवी खूण आली. आता फक्त पायऱ्या भरायच्या राहिल्या होत्या : आधी कोण, मग कोण.

"पहिलं नाव अप्पांचं," प्रभुलिंग म्हणाले.

"सर, पण अप्पा तर..."

"पण काय बे? कारखाना कुणाचा आहे?"

लग्नपत्रिकेत वर कुलदैवताचं नाव असतं तसंच हे असणार, असं अभिमन्यूनं धरलं. त्यानं अप्पांच्या नावानं खातं उघडलं आणि त्यांना पहिल्या पायरीवर बसवलं. मात्र सर्व्हरला असला मान ठाऊक नव्हता. ज्याचं नाव दिलं त्याला तो कळवी आणि उत्तराची वाट बघत बसे.

सोमवारी यंत्रणा सुरू झाली. दुपारपर्यंत सुताची खरेदी, रंगाची ऑर्डर, बॉयलरची दुरुस्ती, हिशेब खात्यातल्या वैजयंतीबाईंची रजा आणि अभिमन्यूला कायम करण्याचा प्रस्ताव, सगळ्यांपुढे एकच ओळ आली : अप्पांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत.

"पहिली पायरी काढून टाकतो, सर. दोन मिनिटांचं काम आहे," अभिमन्यू म्हणाला.

"अप्पांना काढून टाकतो?" प्रभुलिंग यांनी चष्मा काढला. "हे वाक्य परत बोलू नकोस."

मग अप्पांच्या नावानं आत जाऊन कुणीतरी बटण दाबावं, असं ठरलं. कुणी, यावर मात्र एकमत होईना.

"मी दाबू?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणि उद्या माझ्या अंगात आले म्हणजे? घरात सासू आहे तेवढी पुरे."

कुंडलिक दारातूनच बोलला, "आमी फोटोम्होरं कागद ठिवतो की. पण अप्पांची सही? न्हाय बा. लई कडक मानूस व्हता."

प्रभुलिंग यांनी विचार केला आणि घरी गाडी पाठवून आईला बोलावून घेतलं. बायकोनं नवऱ्याच्या जागी बटण दाबायला कुणाची हरकत नव्हती. शांतम्मा आल्या, अप्पांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी अभिमन्यूला शेजारी बसवून घेतलं.

"अव्वा, हे हिरवं बटण दाबलं की मंजूर," त्यानं सांगितलं.

"आणि हे लाल?"

"ते लागणार नाही."

"लागणार नाही तर ठेवलं कशाला?"

तो एकेक अर्ज वाचून दाखवू लागला. शांतम्मांना सूत कळत होतं, बॉयलरही कळत होता. चाळीस वर्षं जेवताना त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. "आगली, होऊ दे," म्हणत त्या हिरवं दाबत गेल्या. वैजयंतीबाईंच्या रजेत त्यांनी स्वतःहून एक दिवस वाढवून दिला. मग प्रभुलिंग यांचा अर्ज आला : जर्मनीचं प्रदर्शन, सपत्नीक, दहा दिवस.

"टॉवेल विकायला बायको कशाला?" शांतम्मांनी विचारलं. "मला कधी अक्कलकोटच्या पुढं नेलं नाही याच्या बापानं. बेडा! नको!" आणि त्यांनी लाल बटण दाबलं. ते दाबल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की अभिमन्यूला आपण काय बसवून ठेवलंय याची पहिल्यांदा कल्पना आली.

त्याचा स्वतःचा अर्ज त्यांनी मागं ठेवला. "तुझं उद्या बघू," त्या म्हणाल्या. कारण बहुधा इतकंच होतं, की सगळं आजच संपवलं तर उद्या यायला निमित्त उरणार नव्हतं.

संध्याकाळी प्रभुलिंग यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"पायरी काढायला दोन मिनिटं लागतात म्हणाला होतास ना?"

"सर, तुम्हीच म्हणालात, ते वाक्य परत..."

"बोलू नकोस म्हणालो. काढू नकोस म्हणालो का? गपचूप काढ. तुझ्या पत्रावर लगेच सही करतो."

अभिमन्यू आपल्या टेबलावर येऊन बसला. पायरी काढायचं बटण समोर होतं. ते दाबलं की सृष्टीचे वडील सुपारी आणायला मोकळे. त्याच वेळी शांतम्मा निघता निघता त्याच्यापाशी थांबल्या.

"येन रे, उद्या हे यंत्र असेल ना?"

"असेल की, अव्वा."

"नाही, प्रभूचं तोंड बघून विचारलं. घरी मला टीव्हीचा रिमोटसुद्धा कुणी देत नाही."

त्या गेल्या. अभिमन्यूनं पडद्याकडे बघितलं, मग केबिनच्या बंद दाराकडे बघितलं. शेवटी उठला आणि आत गेला.

"सर, ती पायरी निघत नाही. मी दुपारी बोललो ते चुकलं. पहिली पायरी काढली तर सगळा सर्व्हरच बसतो."

यात खरं काहीही नव्हतं. टॉवेल विकता विकता प्रभुलिंग यांना माणसाचं खोटं चांगलं कळू लागलं होतं.

"नक्की निघत नाही?"

"नाही, सर."

"मी सांगूनही निघत नाही?"

"कुणीही सांगितलं तरी."

प्रभुलिंग खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आला तो सुटकेचा भाव. "हे घरी बायकोसमोर सांगायला येशील? जर्मनी माझ्यामुळं राहिली नाही, सर्व्हरमुळं राहिली, असं. नीट टेक्निकल भाषेत सांग. तिला कळायला नको."

अभिमन्यू त्यांच्या घरी गेला, चहा प्याला, सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणाऱ्या सर्टिफिकेटाबद्दल बोलला. वहिनींना काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतम्मांनी त्याच्या अर्जावर हिरवं दाबलं, पाठोपाठ प्रभुलिंग यांनीही दाबलं. पत्र कुर्डुवाडीला पोचलं. सृष्टीच्या वडिलांनी ते दोनदा वाचलं, शिक्का तपासला आणि सुपारीला गुरुवार धरला.

अभिमन्यूनं गुरुवारची रजा टाकली. ती अर्थातच आधी अप्पांकडे गेली, आणि तासाभरात लाल होऊन परत आली. खाली शेरा होता :

"गुरुवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. शुक्रवार ठेव. मी पण येणार."

अभिमन्यूनं कुर्डुवाडीला फोन लावला.