आरामसे करा

फौजी इस्पितळात बावीस वर्षं फिजिओथेरपी केली, तेव्हा माझी एकच अडचण होती, पेशंटला थांबवायचं कसं. सुरुंगावर पाय गेलेला जवान नवा पाय बसवून तिसऱ्याच दिवशी विचारायचा, युनिटला कधी जाऊ? मी ओरडायचो आणि तो ऐकायचा, कारण माझ्या बाहीवर तीन फिती होत्या. हवालदार प्रेमसिंग राठोड वॉर्डात शिरला की भिंतीला टेकलेल्या कुबड्याही ताठ होतात, असं माझे दोस्त म्हणत. दोस्तांना थापा मारायची सवय होती, पण ही थाप मला आवडायची.

निवृत्त होऊन अकोल्याकडच्या मालेगावला आलो, मेडिकलच्या दुकानामागे एक खोली घेतली, आणि इथं सगळं उलटं निघालं. इथं पेशंटला हलवायचं कसं, हाच प्रश्न. लोक मला मालिशवाला समजत. येऊन सरळ पालथे पडत आणि म्हणत, लावा तेल. पहिल्या महिन्यात मी चिडून दोघांना हाकलून दिलं. माझी बायको कमलीबाई म्हणाली, ही काही पलटण नाही, इथला पेशंट उठून दुसरीकडे जातो. तिचं बोलणं खरं ठरतं हा माझा जुनाच वैताग आहे. जिभेला लगाम घातला आणि दोन वर्षांत बस्तान बसलं. सादिक टेलरचा आखडलेला खांदा सुटला तेव्हा त्यानं न मागता मला सफारी शिवून दिली. ती पोटावर जरा घट्ट होते, पण मी घालतो.

एकूण माझं बरं चाललं होतं. मग किन्हीराजा गावचे उकंडराव आले.

म्हणजे ते आले नाहीत, मलाच बोलावणं आलं. वय सत्तर. सोयाबीन निघाल्यावर वावरात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन होऊन आत सळई बसली होती. सळईचं काम चोख झालं होतं, पुढचं काम माझं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, टाच ओढून घ्यायची, वॉकर धरून उभं राहायचं. दिवसातून चार वेळा. उकंडराव नुसते हसत होते, म्हणून मी त्यांच्या बायकोला, रुख्मिणीकाकूंना, समोर बसवून दहा वेळा समजावलं. फौजेची हिंदी काही तोंडातून जात नाही, त्यामुळे शेवटी म्हणालो, "घाई नको काकू. आरामसे करा."

हीच माझी चूक. आमच्या भागात आराम या शब्दानं फार घोटाळा केला आहे. माणूस बरा झाला की त्याला आराम पडला म्हणतात, आणि पडून राहिला तरी आराम करतो म्हणतात. मग बरं व्हायचं तर पडून राहावं, हे ओघानंच आलं.

दर बुधवारी मी मोटारसायकलवर किन्हीराजाला जायचो. काकूंनी कॅलेंडरवर रोज चार खुणा केलेल्या असत, एकही चुकलेली नसे. मी टेप काढून मांडीचा घेर मोजायचो. चांगली मांडी एक्केचाळीस सेंटिमीटर, दुखरी सदतीस. पुढच्या बुधवारी साडेछत्तीस. त्याच्या पुढच्या बुधवारी छत्तीस. खुणा वाढत होत्या आणि मांडी आटत होती. माणूस खोटं बोलतो, मांडी बोलत नाही, हे मला फौजेनं शिकवलं होतं. रजेसाठी लंगडणारे मी टेपनंच पकडत आलो होतो. उकंडराव कामचुकारपणा करतात असं धरून मी त्यांना चांगलं झापलं. ते हसले. मी आणखी झापलं, ते आणखी हसले. पालथ्या घड्यावर पाणी.

मला खरोखर भीती वाटत होती. या वयात खुबा मोडलेला माणूस दोन-अडीच महिन्यांत पायावर आला नाही तर खाट त्याला सोडत नाही. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. असे दोन मी पाहिले होते, आणि दोघेही वर्ष काढू शकले नाहीत. उकंडरावांचे सात आठवडे झाले होते.

म्हणून एकदा बुधवारची वाट न पाहता सोमवारीच गेलो. गाडी रस्त्याकडेला लावली आणि दाराशी आलो तर आतून हसू ऐकू आलं. खाटेवर उकंडराव कुठल्याशा लग्नातली गोष्ट सांगत होते, नवरदेवाची घोडी मांडव सोडून नाल्याकडे पळाल्याची. काकू खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि पदरानं डोळे पुसत हसत होत्या. वॉकर कोपऱ्यात होता, त्यावर गोधडी वाळत घातली होती.

मला पाहून काकूंचं हसू थांबलं. त्या उठून बाहेर आल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊ, त्यायले काई म्हनू नका. मीच सांगतलं, डाक्टरनं आराम सांगतला म्हून."

"अन् खुणा?"

"त्या मीच केल्या." त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्सं झाले. हा मानूस सकाळी जाये तो राती ये. वावर, बजार, स्टँडवरची हाटेल. जेवाले बसे अन् झोपे. आता दिवसभर बोलून राह्यला माह्यासंग. पाय बरा झाला का पुन्हा जाईन तो."

बावीस वर्षांत मला रजेसाठी खोटं बोललेले भेटले, पेन्शनसाठी बोललेले भेटले. नवऱ्याच्या गप्पांसाठी बोललेलं कुणी भेटलं नव्हतं. ओरडावंसं वाटलं नाही. पण सांगायचं ते सांगितलंच पाहिजे होतं.

"काकू, तुम्ही त्यांना घरात नाही ठेवत, खाटेवर ठेवता," मी म्हणालो. "खाटेवरचा म्हातारा फार दिवस बोलत नाही."

काकू वळल्या. आत गेल्या, वॉकरवरची गोधडी काढली आणि उकंडरावांसमोर तो ठेवला. उठा, म्हणाल्या. मी तिथल्या तिथे नवा हुकूम काढला, की एकट्यानं चालायचं नाही, प्रत्येक वेळी डाव्या बाजूला काकू पाहिजेतच. वैद्यकशास्त्रात याला थोडाफार आधार आहे, बाकीचा मी दिला.

पुढच्या बुधवारी मांडी साडेछत्तीस भरली. मग सदतीस, मग अडतीस. संक्रांत झाली तेव्हा वॉकर सुटून काठी हातात आली होती. फेब्रुवारीत शेवटच्या तपासणीला गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघंही स्टँडवर गेले. काकूंना बाजारात सोडून गेला वाटतं म्हातारा पुन्हा हॉटेलात.

हॉटेलातच होते. बाकावर उकंडराव, आणि त्यांच्या शेजारी, चार गडीमाणसांत, रुख्मिणीकाकू बशीत चहा ओतून पीत होत्या. मला पाहून काकू माझा चहा सांगायला उठल्या. मी बाकावर टेकलो आणि हळूच उकंडरावांना विचारलं, डॉक्टरनं आराम सांगितला हे तुम्हाला खरंच वाटलं होतं का?

"फौजी, माहे कान साबूत हायेत," ते म्हणाले. "तुमी दहा खेपा सांगतलं होतं."

"मंग काहून पडून राह्यले? जीव गेला असता."

उकंडरावांनी काकूंकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या होत्या, चहावाल्याला साखर कमी टाकायला सांगत होत्या.

"लगन झाल्यापासून तुमची काकू मले उठाच म्हने. उठा, ढोरं सोडा. उठा, बजार हाय. उठा, पाव्हने आले. पयल्यांदा म्हने, बसा." ते हसले. "कसा उठू, तुमीच सांगा."

मला रागवायचं होतं. या माणसानं हसत हसत मरण ओढवून घेतलं असतं. पण तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी बावीस वर्षं घरापासून दूर फौजेत होतो आणि आता दिवसभर मेडिकलच्या मागे असतो, हे मला तिथं बाकावर बसल्या बसल्या पहिल्यांदाच दिसलं. चहा पिऊन निघालो. मालेगावात शिरल्यावर गाडी खोलीकडे वळवायची ती घराकडे वळवली. मला अवेळी आलेलं पाहून कमलीबाईनं दारातच विचारलं, काय विसरलं?

काही नाही, मी म्हणालो, बसायला आलो.