वाढत्या अंगाची तारीख

सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद झाला, त्या सकाळी जयसिंगपूरच्या वैजयंताची मुलगी अडतीस वर्षांची होऊन उठली. आदल्या दिवशी शरयू तेरा वर्षांची होती.

कायदा अगदी सरळ होता. खात्यावर जी जन्मतारीख, तीच माणसाची. आणि शरयूचं खातं काढताना वैजयंताने बिनधास्त स्वतःची तारीख ठोकून दिली होती. ती पडली शिलाईवाली. पोरांचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे शिवायचे, आत चार बोटं माया सोडून, हा तिचा शिरस्ता. वयातही तशीच जरा माया सोडली, तर कुणाचं काय बिघडलं? शिवाय शरयू व्हिडिओत ब्लाउज दाखवायची आणि ऑर्डरी थेट नाशिकहून यायच्या.

"आई, युनिफॉर्म होत नाही," चष्मा सावरत शरयू म्हणाली.

"आण, उसवून देते."

वैजयंताने होती नव्हती ती सगळी शिवण उसवली, तरी हुक लागेना. मग तिने लेकीला आपली साडी नेसवली. "घाबरू नकोस. दुपारच्या आत तुला तेराची करून आणते. नाही आणलं तर नावाची वैजयंता नाही!"

नगरपालिकेत दुरुस्तीच्या खिडकीला रांग होती. पुढच्या बाईच्या कडेवर तिचा नवरा होता. त्याने म्हणे गमतीत चुकीचं साल टाकलं होतं.

"सरकारने केलं ते बरंच केलं," नवऱ्याला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली. "आपलं कुठे ऐकतात पोरं?"

"माझी ऐकते की! माझ्या पोरीला मी सांभाळीन. सरकार कोण लागून गेलंय?"

रांग पुढे सरकेल तशा भिंती जवळ येत गेल्या. खिडकीशी दोघींपुरतीच जागा उरली, तीही खांद्याला खांदा लावून. शरयूने मोबाईल खिडकीच्या फळीवर ठेवला.

"एका तारखेवर एका घरात एकच बाई," कारकून म्हणाला. "दुसरीने मोकळी तारीख घ्यायची. मोकळी आहे तेरा वर्षांची. ती घेईल तिचं खातं सोळापर्यंत बंद."

"मग हिलाच द्या ना. हिचीच आहे ती."

"या सज्ञान आहेत. कुणी कुठली घ्यायची ते यांनी लिहायचं."

शरयूने पेन घेतलं. लिहिलं मात्र काही नाही.

"लिही गं बाळा, बघतेस काय?"

"आणि रोजचा व्हिडिओ?"

"गेला खड्ड्यात! मी बघते सगळं."

"मागे मला ताप होता, तेव्हा तू म्हणालीस, उभी राहा, एक दिवस चुकला की लोक विसरतात."

 वैजयंता खजील होऊन म्हणाली, "मी मेली काहीही बोलते. तू कशाला मनावर घेतेस?"

"तेरा वर्षांची असून मी एकदाही खेळायला गेले नाही, आई. आता काय जाणार? तू जा." आवाजात राग नव्हता. कामं वाटून देणाऱ्या बाईचा तो आवाज होता. शरयूने दोन्ही रकाने भरले आणि खाली लफ्फेदार सही केली.

कारकुनाने शिक्का मारला. वैजयंताच्या हातातल्या बांगड्या एकेक करून फरशीवर पडल्या. खिडकी डोक्याच्या वर गेली.

"हिचे पालक कोण?" वरून कारकुनाचा आवाज आला.

"मी," शरयू म्हणाली.

"अगं ए, थांब!" वैजयंता ओरडली. आवाज बारीक निघाला. कुणाला तरी फोन लावावा म्हणून तिने टाचा उंचावून फळी चाचपली. तिच्या आधी शरयूचा हात पोचला. तिने मोबाईल पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि आईचे विस्कटलेले केस कानामागे सारले.

"सोळाची झालीस की देईन," ती म्हणाली.