सॅमसनकाकांनी न पुरलेला कागद

सत्त्याण्णव साली पेणच्या बाजारात मराठी लिहिणारा कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे होता. माझ्या थोरल्या भावानं, रमीजभाईनं, कुवेतहून मशीन पाठवलं, मराठीचं कार्ड मी पुण्याहून आणून बसवलं आणि लग्नपत्रिका छापायला लागले. मोडेमनं मुंबईला फोन लावून परदेशची पत्रंही उतरवून देत असे. त्यामुळे डोक्यात जरा हवा गेली होती, हे कबूल.

एका बुधवारी सकाळी रोह्याहून सॅमसनकाका आले. बेने इस्रायलची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, तिथे उरलेली घरं तीन. त्यांच्या सिनेगॉगची किल्ली काकांकडे असते. त्यांनी टोपी काढली आणि तिच्या आतून घडी घातलेला कागद काढला. आठ दिवसांपूर्वी मीच छापून दिलेला.

त्यांच्या शेजारच्या फ्लोरामावशींना इस्रायलहून पत्र आलं होतं. बहिणीचं, शीराचं, अठरा वर्षांच्या अबोल्यानंतर पहिलंच. शीराचा नातू नथानियल पुण्यात शिकलेला. जाताना तोही माझ्यासारखंच कार्ड घेऊन गेला होता, त्यानंच ते पाठवलं. पण मी उघडलं तर मराठी कुठेच नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, टक्के, सगळी मिसळ. "तिकडूनच कचरा आलाय, पुन्हा पाठवतील," असं सांगून मी एक प्रत हातावर ठेवली आणि मशीनवरचं पत्र पुसून टाकलं.

"हुमेरा, यात देवाचं नाव हाय का नाय, तेवढं सांग गो."

"काका, कचऱ्यात कसलं देवाचं नाव?"

"असंल तर पुराया लागंल. आमच्यात देवाचं नाव असलेला कागद फाडत नाय. मयतासारखा मातीत ठेवतात. नसंल तर फ्लोरा चुलीत घालाया बसलीय."

"अहो, पण वाचताच येत नाही ते!"

काका शांतपणे म्हणाले, "मी हिब्रू वाचतो. माझा बाप वाचायचा, आजा वाचायचा. निम्म्याचा अर्थ कुणाला लागला नाय. मग ते बी कचरा?"

मला ते झोंबलं. मी कागद ओढून घेतला, खरं तर त्यांना खोटं पाडायलाच.

"पयला शब्द फ्लोरा असंल," काका म्हणाले, "आन् शेवटचा शीरा. बाई पत्रात दुसरं काय लिवंल?"

पहिल्या शब्दाच्या शेवटी ओ आणि झेड. अगदी शेवटच्या शब्दाच्या शेवटीही ओ आणि झेड. दोघींच्या नावांचा शेवटही एकच, रा. मी मधल्या ओळी पाहिल्या. तिथेही ओ आणि झेड जोडीनं बसलेले. कचरा इतका शिस्तीचा नसतो.

मी मोडेमच्या प्रोग्रामचं सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. मशीन एकेक अक्षर खुणांनी ओळखतं. इंग्रजीला सात खुणा पुरतात, मराठीला आठवी लागतेच. माझ्याकडे सात लावलेल्या होत्या. आजवर सगळी पत्रं इंग्रजीत आली म्हणून कधी कळलं नाही. तिकडून चांगलं धडधडीत मराठी निघालं होतं, आणि प्रत्येक अक्षराची आठवी खूण मी इथे पेणमध्ये बसून कापली होती.

"काका, चूक माझी." हे वाक्य माझ्या तोंडून वर्षातून एखाद्या वेळेला निघतं.

मग मी कागदावरचं चिन्ह न् चिन्ह टाइप केलं. काका पुढचं दाखवत होते, त्यांचा तोरा ग्रंथ वाचताना दाखवतात तसं, बोट कागदाला न टेकवता. शेवटी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, प्रत्येक चिन्हाला त्याची हरवलेली खूण परत देणारा. बटण दाबलं.

पडदाभर मराठी उमटलं. मशीन माझं, कार्ड माझं, तरी हे माझं काम आहे असं एक क्षणही वाटलं नाही.

'फ्लोरा, पुढल्या आठवड्यात गुरुवारी माझ्या काळजाचं ऑपरेशन हाय. डॉक्टर मोठे हायेत, पण देवाला आपली हाक रोह्यातूनच ऐकू जाते. आधी एलियाहू हन्नाबीचा मलिदा कर, आई करायची तसा. पोहे पेणचेच घे. अठरा वर्सांचा राग घेऊन मला टेबलावर झोपायचं नाय. शीरा.'

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. "हाय की नाव," ते हळूच म्हणाले.

"काका, गुरुवार उद्याच आहे!"

मलिदा म्हणजे त्यांच्या एलियाहू पैगंबराच्या नावानं करायचे नारळ घातलेले गोड पोहे, एवढं मला ठाऊक होतं. दुकान बंद केलं. पोहे घेतले, नारळ घेतला, रोह्याची एसटी धरली. वाटेतलं गडब गाव मागे पडलं. आठ दिवस ती हाक चुलीपासून हातभर अंतरावर पडून होती, आणि वाचली ती या म्हाताऱ्याच्या टोपीत.

फ्लोरामावशींनी मी छापून आणलेली नवी प्रत दोनदा वाचली. "मेली," त्या म्हणाल्या, "राग धरणार तीच, सोडणार बी तीच." आणि परात घ्यायला आत गेल्या. काका प्रार्थनेचं पुस्तक शोधू लागले. मी नारळ खवायला बसले.

"तिला काय कळवू, मावशी?"

त्यांनी पोह्यांवर पाणी शिंपडलं. "लिव, पोहे भिजत घातलेत."

दुपारच्या गाडीनं पेणला परतून मी तेवढंच लिहिलं. पाठवण्याआधी सेटिंग तीनदा पाहिलं. आठ.

सोमवारी उत्तर उतरलं, एकही खूण न हरवता. 'फ्लोरा, मलिद्यात वेलची घातलीस ना? मागं एकदा विसरली होतीस. शीरा.'

काका आले तेव्हा मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "यात देवाचं नाव नाही हं, काका," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि तोही कागद घडी घालून टोपीत ठेवला.